ऑफिसच्या डेस्कटॉपवर पासवर्ड मॅनेजरचं कोणतं एक्स्टेन्शन घ्यावं?

तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन सहकारी, तीन डेस्कटॉप, तिन्हींवर विंडोज आणि क्रोम. गिऱ्हाईक म्हणजे गुळाचे अडते, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले, हुपरीचे चांदीवाले, महाद्वार रोडचे चप्पल दुकानदार. प्रत्येकाचं जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-वे बिल, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल), कुणाचं पीएफ असं धरलं तर एकेका नावामागे चार-पाच लॉगिन होतात. हे सगळं आजवर एका एक्सेल फाइलमध्ये ठेवलंय. रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की तिन्ही टेबलांवर ती फाइल दिवसभर उघडी असते. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि स्क्रीनवर दुसऱ्या चौघांचे पासवर्ड दिसत असतात. हे आता थांबवायचंय.

मोबाइलचा प्रश्न नाही, काम सगळं डेस्कटॉपवर ब्राउझरमध्येच चालतं. पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा मॅनेजर आणि ते पानावर भरून देणारं त्याचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) हवंय. क्रोमचं स्वतःचं, बिटवॉर्डन, वनपासवर्ड आणि कीपासएक्ससी एवढी नावं काढून ठेवलीत. तीन गोष्टी हव्यात. एकाच पोर्टलवर शंभरेक गिऱ्हाइकांची लॉगिन सांभाळता यावीत. सहकारी काम सोडून गेला तर त्याचं दार बंद करता यावं. आणि नेट गेलं तरी पासवर्ड बघता यावा. पैसे द्यायला ना नाही, पण कशाचे देतोय ते कळलं पाहिजे. वापरणाऱ्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

रंकाळा_चक्कर

क्रोममध्येच सेव्ह करा की. फुकट आहे, वेगळं काही बसवायला नको. मी कित्येक वर्षं तेच वापरतोय.

शिरोली_फाटा

रंकाळा दादा, घरी एकट्याच्या कॉम्प्युटरला ते चालेल, पण ताईंच्या ऑफिसला नको. मी एमआयडीसीत तीन-चार कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो, त्यामुळं जरा लांबण लावतो.

क्रोममध्ये साठवलेला पासवर्ड डोळ्यानं बघायचा असेल तर विंडोजचा पासवर्ड किंवा पिन मागतो, हे खरं. पण भरायला, वेगळं सेटिंग लावल्याशिवाय, काहीच मागत नाही. खुर्चीवर जो बसला त्याला सगळी दारं उघडी. दुसरं म्हणजे चोरट्या प्रोग्रामचं. रेडलाइन, रॅकून अशा नावांचे प्रोग्राम फुकट्या सॉफ्टवेअरबरोबर घुसतात आणि पहिला हात ब्राउझरच्या साठ्यावर मारतात. विंडोजवर क्रोमचा साठा त्या विंडोज युजरच्या चावीनं बंद असायचा, आणि त्याच युजरखाली चालणाऱ्या प्रोग्रामला ती चावी मिळायची. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून गूगलनं आणखी एक कुलूप आणायला सुरुवात केली, पण काही महिन्यांतच चोरट्यांनी त्यातूनही वाटा काढल्या. एक्स्टेन्शनवाल्या मॅनेजरची तिजोरी, म्हणजे पासवर्डांचा साठा, मास्टर पासवर्डनं (ती उघडायच्या एकाच मुख्य पासवर्डनं) बंद असते आणि तो पासवर्ड डिस्कवर नसतो. तिजोरी उघडी असताना मशीनमध्ये चोर असेल तर तिथंही धोका आहेच, त्यामुळं ॲक्टिव्हेशन क्रॅक वगैरे टाकत असाल तर आधी ते बंद करा.

आणि ऑफिसच्या दृष्टीनं मोठी अडचण ही, की तिन्ही मशीनवर एकच गूगल खातं लॉगिन करावं लागणार. म्हणजे पासवर्डांबरोबर तुमची मेल, ड्राइव्ह, सगळंच सहकाऱ्याच्या हातात.

पंचगंगाकाठ

मी कीपासएक्ससीवाला. सगळे पासवर्ड एका केडीबीएक्स फाइलमध्ये, फाइल आपल्या मशीनवर. खातं नाही, वर्गणी नाही, कुणाच्या सर्व्हरवर काही जात नाही. सोर्स कोड खुला आहे. नेट असो-नसो, काही फरक नाही.

ब्राउझरशी जोडायला कीपासएक्ससी-ब्राउझर नावाचं एक्स्टेन्शन आहे. आधी मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशन चालू करून क्रोमवर टिक करायची, मग एक्स्टेन्शनमधून कनेक्ट दाबायचं आणि जोडणीला नाव द्यायचं. पासवर्ड एक्स्टेन्शनमध्ये राहत नाहीत, ते दरवेळी शेजारी चालू असलेल्या प्रोग्रामकडून मागून घेतं. नवीन साइटला पहिल्यांदा पासवर्ड देताना परवानगीची खिडकी येते. ती मला फार आवडते, कोण काय मागतंय ते समोर दिसतं.

अजून एक, ऑटो-टाइप. टॅली किंवा आणखी एखादा विंडोजचा प्रोग्राम असेल तिथं ब्राउझरचं एक्स्टेन्शन कामाचं नाही. कीपासएक्ससी तिथंही युजरनेम, टॅब, पासवर्ड, एंटर असं टाइप करून देतो.

ताराराणी_चौक

पंचगंगाकाठ यांच्याशी सहमत. क्लाउडवर पासवर्ड ठेवायचे हेच मला पटत नाही. लास्टपास या क्लाउडवरच्या पासवर्ड मॅनेजरचं काय झालं ते विसरला काय सगळे?

शिरोली_फाटा

विसरायचं कारणच नाही, उलट निवड करताना तेच समोर ठेवायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर आधी त्यांच्या डेव्हलपमेंटच्या भागात शिरले. तिथून मिळालेल्या माहितीवर पुढं ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रत उचलली, आणि हे कंपनीनं २२ डिसेंबर २०२२ ला जाहीर केलं. पासवर्ड एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होते, पण साइटचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचं खातं कुठल्या बँकेत, हे तिजोरी न फोडताच कळत होतं. शिवाय जुन्या खात्यांना मास्टर पासवर्डवर प्रक्रियेच्या फेऱ्या (जितक्या जास्त तितकं फोडणं अवघड) फार कमी ठेवलेल्या, पाच हजार किंवा त्याहून कमी. ज्यांचा मास्टर पासवर्ड लहान होता त्यांची तिजोरी घरी नेऊन निवांत फोडत बसता येत होती.

म्हणून कुठलीही सेवा घेताना एकच विचारायचं: उद्या यांच्या सर्व्हरवरनं माझी तिजोरी चोरीला गेली तर चोराला काय मिळेल? बिटवॉर्डन पत्ते, नावं, नोंदी सगळंच एन्क्रिप्ट करतं, फेऱ्या मुळातच सहा लाख धरतं, आणि हवं तर सेटिंगमध्ये प्रक्रियेची आर्गॉन-टू ही दुसरी पद्धत निवडता येते. वनपासवर्डमध्ये मास्टर पासवर्डबरोबर एक लांबलचक सीक्रेट की लागते, ती तुमच्याच मशीनवर तयार होते. नुसती तिजोरी चोरून उपयोग नाही.

ताराराणी सर, तुमची काळजी बरोबर आहे. पण फाइल आपल्याकडं ठेवली की ती राखायची जबाबदारीही आपल्याकडंच येते. शाहूपुरीत ऑफिस आहे हे लक्षात घ्या.

पंचगंगाकाठ

हे मात्र मान्य. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी कुठं कुठं शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि तोपर्यंत लोक दुकानातला माल हलवण्यात गुंतलेले असतात, कॉम्प्युटर कोण बघतो? कीपास वापरायचं तर फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी आणि एक गावाबाहेर, हे ठरवूनच करायचं. फाइल एन्क्रिप्टेडच असते, त्यामुळं ती गूगल ड्राइव्हवर ठेवायलाही हरकत नाही, फक्त मास्टर पासवर्ड दमदार हवा. सेव्ह करण्याआधी जुनी प्रत राखून ठेवायची टिक सेटिंगमध्ये आहे, तीही चालू करा.

तीन टेबलांवर एकच फाइल नेटवर्कवरून उघडायची तर थोडं जपून. एकानं सेव्ह केलं की दुसऱ्याला फाइल बदलल्याचं समजतं आणि ती परत लोड होते, पण दोघांनी एकाच वेळी बदल केले तर कुणाचं काय राहिलं ते बघत बसावं लागतं. एकानंच नोंदी घालायच्या आणि बाकीच्यांनी नुसत्या वापरायच्या, असं ठरवलं तर निभतं.

तिसरी_गल्ली

फार उपयोगी माहिती मिळतेय, मनापासून आभार. एक शंका. जीएसटीच्या एकाच पानावर शंभर गिऱ्हाइकांची लॉगिन असली तर एक्स्टेन्शन गोंधळणार नाही का?

शिरोली_फाटा

गोंधळ होतो तो आपल्या बाजूनं होतो, आणि तुमच्या धंद्यात तो महागात पडू शकतो. म्हणून हे नीट वाचा.

एक्स्टेन्शन पानाचा पत्ता बघतं आणि त्या पत्त्याला जुळणाऱ्या सगळ्या नोंदी दाखवतं. शंभर गिऱ्हाईक तर शंभर नोंदी. युजरनेमच्या चौकटीला चिकटून जी यादी लोंबते ती अशा वेळी बंदच ठेवावी. नोंदीचं नाव गिऱ्हाइकाच्या नावानं सुरू करायचं, मग पोर्टल: 'अमुक ट्रेडर्स जीएसटी', 'अमुक ट्रेडर्स टीडीएस'. वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबायचं, तीन अक्षरं टाइप करायची, नोंद समोर येते, भरा म्हणायचं.

बिटवॉर्डनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की त्या साइटसाठी शेवटची वापरलेली नोंद भरली जाते, परत दाबलं की पुढची. घरच्या माणसाला ही फार सोय आहे. तुमच्या ऑफिसात मात्र सकाळी ज्याचं रिटर्न भरलं त्याचंच लॉगिन दुपारी दुसऱ्याच्या कामाला भरलं जाणार. तिन्ही मशीनवर क्रोमच्या शॉर्टकटच्या पानावर जाऊन ती जोडकळ काढून टाका. पान उघडताच आपोआप भरायचं सेटिंगही बंदच असू द्या, ते मुळात बंदच असतं. आणि आत गेल्यावर वर जीएसटीआयएन (गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक) वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा नियम सगळ्यांना लावा.

कॅप्चा हातानंच टाकायचा. इन्कम टॅक्सला आधी पॅन, मग पुढच्या पानावर सुरक्षित संदेशाची टिक आणि पासवर्ड, त्यामुळं तिथं दोनदा भरावं लागतं. बँकांच्या साइटवर काही ठिकाणी पेस्ट बंद असते, पडद्यावरचा कीबोर्ड असतो, तिथं एक्स्टेन्शन हात टेकतं. तिथं पासवर्ड बघून टाइप करायचा.

पत्त्याचीच बाजू उलटी फिरवून बघा. गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर रिफंडची लिंक येते, पान हुबेहूब सरकारी दिसतं, पण पत्ता वेगळा असतो. माणूस फसतो, एक्स्टेन्शन फसत नाही, ते म्हणतं या साइटसाठी माझ्याकडं काही नाही. अशा वेळी सहकाऱ्यानं पासवर्ड शोधून कॉपी-पेस्ट करायचा मोह टाळला पाहिजे. एक्स्टेन्शन गप्प बसलं की हात थांबवून पत्ता वाचायचा. माझ्या मते पैसे द्यायचे तर या एका गोष्टीसाठी द्यावेत.

उचगाव_ते_पुणे

मी पुण्यात आयटीत आहे, ऑफिसात सगळ्यांना वनपासवर्ड दिलेलं आहे. फुकट योजना नाही, हे आधीच सांगते. पण वाटून घेण्याची सोय छान आहे. वेगवेगळ्या तिजोऱ्या करता येतात, कोणाला कुठली दिसावी ते ठरवता येतं. डेस्कटॉपचं ॲप बसवलं तर विंडोज हेलोच्या बोटाच्या ठशानं एक्स्टेन्शनही उघडतं. सुरुवातीला इमर्जन्सी किट म्हणून एक कागद छापून घ्यायला सांगतात, त्यावर सीक्रेट की असते. तो कागद हरवला आणि मशीनही गेलं तर कंपनीसुद्धा तुम्हाला आत घेऊ शकत नाही, त्यामुळं तो खरोखर जपून ठेवायचा.

ताई, सहकारी सोडून गेला तर त्याचं खातं काढता येतं. पण त्यानं आधी जे पासवर्ड वापरले ते त्याला माहीत असू शकतात. काही मॅनेजरमध्ये 'वापरता येईल, पण दिसणार नाही' अशी परवानगी असते. तिच्यावर भिस्त ठेवू नका. पासवर्ड ब्राउझरच्या चौकटीत एकदा भरला की जाणकार माणूस तो वाचू शकतो. माणूस गेला की तो वापरत होता ते पासवर्ड बदलायचे, याला दुसरा उपाय नाही.

शिरोली_फाटा

१००% सहमत. बिटवॉर्डनमध्येही तशी परवानगी आहे आणि तिचीही हीच मर्यादा. बिटवॉर्डनची फुकट संस्था (पासवर्ड वाटून घ्यायचं सामाईक खातं) दोनच जणांसाठी असते, तुम्ही तिघं आहात म्हणजे माणशी वर्गणी आली. एकट्याला मात्र फुकटात हवे तेवढे पासवर्ड, हव्या तेवढ्या मशीनवर.

ई-वे बिलाचं वेगळं सांगतो. तिथं १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपीचा दुसरा टप्पा लागू झालाय. नुसता पासवर्ड साठवून भागत नाही, ओटीपी गिऱ्हाइकाच्या फोनवर जातो. गिऱ्हाइकाला सांगून पोर्टलवर तुमच्यासाठी सब-युजर काढून घ्या, त्याला तुमचा मोबाइल जोडा. वाटून घ्यायचे पासवर्ड जितके कमी तितकं बरं.

बिंदू_चौक_वाचक

मी निवृत्त शिक्षक आहे. घरी एक डेस्कटॉप, मी आणि सौ. वापरतो. पेन्शन, वीजबिल, रेल्वे, बँक, एवढंच. मलाही हे सगळं करायला पाहिजे का?

पंचगंगाकाठ

सर, तुम्हाला एवढा व्याप नको. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्ड लावा, म्हणजे साठवलेले पासवर्ड त्याशिवाय उघडत नाहीत. किंवा बिटवॉर्डनचं फुकट खातं. घरातल्या कपाटात वही असेल आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड असेल, तर ती वहीसुद्धा एकच पासवर्ड सगळीकडं वापरण्यापेक्षा कितीतरी चांगली. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड तेवढा कुठंही सारखा ठेवू नका.

ताराराणी_चौक

एक्स्टेन्शनलाच फसवता येतं असं मागं वाचलेलं. त्याचं काय?

उचगाव_ते_पुणे

हो, ऑगस्ट २०२५ मध्ये डेफकॉन या हॅकिंगवरच्या परिषदेत मारेक टोथ या संशोधकानं ते दाखवलं. वाईट पान एक्स्टेन्शनची भरण्याची यादी अदृश्य करतं आणि तिच्यावर कुकीची सूचना वगैरे ठेवतं. तुम्ही 'बंद करा' दाबता आणि खरं तर 'भरा' दाबलेलं असतं. त्यानं ११ मॅनेजर तपासले होते आणि सुरुवातीला सगळेच त्यात सापडले. बिटवॉर्डननं त्याच महिन्यात दुरुस्ती दिली, इतरही कित्येकांनी दिल्या. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात साइट ॲक्सेस 'क्लिक केल्यावर' असा ठेवता येतो, मग तुम्ही चिन्ह दाबल्याशिवाय ते पानाला हात लावत नाही. शिरोली दादा म्हणाले तसं चिन्हावरूनच भरायचं ठरवलं असेल तर काही अडत नाही.

एक्स्टेन्शन घेताना गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर कधीही क्लिक करू नका. २०२३ मध्ये बिटवॉर्डनच्या नकली साइटवरून झेनरॅट नावाचा चोरटा प्रोग्राम वाटला जात होता, आणि त्याच वर्षी कीपासच्या नावाची नकली जाहिरात गूगलवर लागलेली, पत्त्यातल्या एका अक्षराखाली बारीक खूण तेवढी जास्त. पत्ता स्वतः टाइप करून मूळ साइटवर जा आणि तिथल्या दुव्यावरून स्टोअरमध्ये जा.

तिसरी_गल्ली

तिघं बसून बोललो. बिटवॉर्डनची पैसे देऊन घ्यायची टीम योजना घेतोय. वनपासवर्डही आवडलं होतं, पण बिटवॉर्डनचा कोड खुला आहे आणि मी एकटीनं फुकट खात्यावर थोडे दिवस वापरून बघितलं तेव्हा हात बसला. कीपासएक्ससी माझ्या मशीनवर टॅलीसाठी आणि महिन्याच्या बॅकअपसाठी ठेवतेय. डीएससीचे (डिजिटल सहीचे) पिन कुठंच साठवायचे नाहीत, असंही ठरवलंय.

आता एक्सेलमधून सगळं उचलायचंय. काही काळजी घ्यायची?

शिरोली_फाटा

छान निवड, ताई. एक्सेलमधून उचलताना घाई नको.

बिटवॉर्डनच्या साइटवर सीएसव्हीचा (आयात करायच्या साध्या रकान्यांच्या फाइलचा) नमुना आहे, त्यातल्या रकान्यांची नावं जशीच्या तशी ठेवा. पेस्ट करण्याआधी सगळे रकाने 'टेक्स्ट' करा. नाहीतर ज्या पासवर्डची सुरुवात बरोबरच्या किंवा अधिकच्या चिन्हानं होते त्याला एक्सेल सूत्र समजतं, आकड्याच्या सुरुवातीचं शून्य गिळतं आणि लांब आकडा ई-प्लस करून मोडतो. आयात झाल्यावर प्रत्येक पोर्टलची दोन-तीन लॉगिन खरोखर करून बघा. मगच सीएसव्ही पुसा, रिसायकल बिनमधूनही. जुनी एक्सेल कुणाच्या मेलला, व्हॉट्सॲप वेबच्या डाउनलोडमध्ये, पेन ड्राइव्हवर पडलीय का तेही तिन्ही मशीनवर शोधा. शीट प्रोटेक्ट केलेली असली तरी तिला कुलूप समजू नका, ती आतला मजकूर लपवत नाही.

क्रोमचं 'पासवर्ड सेव्ह करू का?' बंद करा, नाहीतर दोघं एकाच चौकटीवर भांडत बसतात. तिजोरी १५ मिनिटांनी आपोआप बंद होईल असं ठेवा. मुळात ते ब्राउझर परत सुरू होईपर्यंत उघडं राहतं, आणि ऑफिसात क्रोम दिवसभर कोण बंद करतं? पिन लावणार असाल तर ब्राउझर सुरू होताना मास्टर पासवर्ड मागायची टिक काढू नका. नेट गेलं तर काय, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये विचारलेलं: लॉगिन केलेलं असेल तर जुन्या नोंदी दिसतात, नवीन घालता येत नाहीत.

मास्टर पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्या, पण रोमन अक्षरांत. देवनागरी कीबोर्ड प्रत्येक मशीनवर सारखा असेलच असं नाही. आणि स्पेलिंग आधीच ठरवून कागदावर लिहा, 'छ' ला सीएच की सीएचएच यात पुढं अडकायला होतं. तो कागद टू-स्टेपच्या (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणाऱ्या लॉगिनच्या) रिकव्हरी कोडसकट पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये.

तिसरी_गल्ली

रिकव्हरी कोड म्हणजे टू-स्टेप चालू केल्यावर मिळतो तोच ना? आणि ऑफिसच्या मेलचा पासवर्डही आतच ठेवला तर चालेल?

शिरोली_फाटा

हो, तोच. मेलचा पासवर्ड आत ठेवा, पण फक्त आतच ठेवू नका. टू-स्टेप लावलेलं नसेल तर बिटवॉर्डन २०२५ पासून नवीन मशीनवर लॉगिन करताना मेलवर कोड पाठवतं. मशीन बदललं, मेल उघडायला पासवर्ड हवा, तो तिजोरीत, आणि तिजोरी उघडायला मेलवरचा कोड हवा, असं व्हायला नको. त्याच पाकिटात मेलचा पासवर्डही लिहून ठेवा, आणि तिघांच्याही खात्यांना पहिल्याच दिवशी टू-स्टेप लावा.